पेवातला गारवा

शेखर : अहो बाबा, ते झाकण पुन्हा सरकवून घ्या ना! दादा उतरला ना आत? मग बारीक फट ठेवा फक्त. सगळा गारवा निघून चालला.

रंगराव : मानूस आत हाय बे! त्याच्या डोक्यावर फरशी लावू का मी?

शेखर : टॉर्च आहे त्याच्याकडे. इकडे या, हे बघा, ड्रमला चिकटवलेल्या वायरीच्या मीटरवर एकतीस दाखवतंय. मला पाहिजे बावीस. एकतीसवर बिअर होत नाही, सडक्या केळ्याच्या वासाचं पाणी होतं. पुण्यात आमच्याकडे दोन डिग्री चढलं तरी मालक आमच्या सात पिढ्या उद्धरायचा.

रंगराव : वर चव्वेचाळीस चालू हाय. पेवात एकतीस म्हनजे कश्मीर झालं लेका. आनखी किती थंड पाह्यजे तुया बिअरले?

शेखर : बाहेरच्या उन्हाचं नाहीये ते. खमीर साखर खातं ना, त्याची आतूनच गरमी निघते. म्हणून तर ड्रमांना ओली पोती गुंडाळायला लावली दादाला. गुंडाळली की तासाभरात काटा खाली येतो.

(एप्रिलातली दुपार. वरवट बकालच्या मळ्यातलं घर, अंगणात जमिनीखाली जुनं पेव. पूर्वी यात ज्वारी साठवायचे. रंगरावांच्या तरुणपणानंतर त्यात दाणा पडला नव्हता. तळाला आता चार निळे ड्रम आहेत. शेखर बिअर बनवायचा तो पुण्याचा पब बंद पडला आणि तो हात हलवत घरी आला, तेव्हा गावातल्या कोणीही त्याला धड विचारलं नव्हतं. ही चार ड्रम बिअर नीट उतरली तर निदान घरात तरी मान वर करून जेवता येईल, एवढंच त्याच्या मनात होतं. मोठा भाऊ गोपाल बादली आणि पोती घेऊन नुकताच शिडीने खाली गेला आहे. गोपालची बायको छाया पेवाच्या तोंडाशी बसली आहे.)

छाया : भाऊजी, हे बोलंना झालेत.

शेखर : कामात असेल, वहिनी.

छाया : दोनदा हाक मारली मी. पाणी वतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

रंगराव : गारव्यात पडला असंन पोत्यावर. वर भट्टी लागली हाय, खाली एसी. मी असतो त मीबी पडलो असतो. गोपाल! ए गोपाल! उठ बे, च्या ठेवला छायानं!

छाया : मामाजी, टॉर्च खाली पडलाय. पेटलेलाच हाय. ते... ते पालथे पडलेत, मामाजी! बादली आडवी झाली!

शेखर : दादा! ए दादा! सरका, वहिनी. सरका, मी उतरतो!

रंगराव : थांब! थांब बे शेखर!

शेखर : चक्कर आली असंन त्याले! सोडा मले!

रंगराव : एक पाय बी टाकशीन त तंगडं तोडीन तुयं! छाया, दिवा आन. कंदील नाई त देवापुढचा आन, तारीले बांधून. पळ!

शेखर : आता दिवा कायले? तो मरून राह्यला तिथं!

रंगराव : मरून राह्यला म्हनूनच. ओढू नको मले, दोघंबी आत जाऊ.

छाया : हा घ्या. पेटवून आणला.

रंगराव : सोड हळूहळू. माया हात शेखरच्या मनगटाले हाय, तूच सोड. आनखी. आनखी.

छाया : विझला. मामाजी, विझला दिवा. दुसऱ्याच पायरीवर विझला.

रंगराव : अरे देवा.

शेखर : वाऱ्यानं इझला असंन.

रंगराव : पेवात कुठून वारा? आमच्या टायमाले पेव उघडलं का तोंड दिसभर उघडं ठेवत. मंग दिवा सोडत. दिवा इझला त मानूस उतरत नसे. इंद्रभानच्या घरी दिवा न सोडता बाप उतरला, त्याच्या मांगं पोरगा, पोराच्या मांगं जवाई. मी पाह्यलं हाय. तिघायले एकाच बैलगाडीत घातलं होतं.

छाया : मग आज दिवा का नाही सोडला?

रंगराव : दाना नव्हता ना माय त्याच्यात! ती वाफ दान्याची असते, हेच आम्ही लहानपनापासून आयकत आलो. दाना नाई, वाफ नाई. मले काय मालूम दारूचीबी वाफ होते?

छाया : भाऊजी, ड्रममध्ये काय हाय?

शेखर : बिअर.

छाया : कशाची?

शेखर : ज्वारीची. मोड आणले, वाळवली, मग शिजवून त्याचं पाणी...

रंगराव : ज्वारीच होती.

शेखर : बाबा, खमीर साखर खाते तेव्हा गॅस निघते. ड्रमाच्या नळीतून बुडबुडे येतात ना, तोच. तो जड असते, तळाले बसते. चार ड्रमांचा गॅस, अन् आजपर्यंत तोंड मी मातीनं लिंपून टाकलं होतं. गारवा निघून जाऊ नाई म्हणून. तो जाईन कुठं?

छाया : तुम्हाला माहीत होतं?

शेखर : पुण्यात टाक्यांच्या खोलीत पंखा कधी बंदच होत नव्हता, वहिनी. मले वाटे, गरमीसाठी असंन. मी कधी कोणाले विचारलंच नाही.

छाया : सकाळी तुम्ही म्हणले होते, मीच उतरतो. मग मघाशी उतरायच्या वेळी तुम्हाला फोन आला आणि हे म्हणले, राहू दे, तो बोलायलाय, मी जातो.

शेखर : वहिनी...

छाया : दहा मिनिटं बोलत होता तुम्ही. हसत होता.

रंगराव : आता ते नका काढू. कुलर आन घरातला, तोंडावर लावू. हवा मारू खाली.

छाया : लाईन गेलीय सकाळपासून.

रंगराव : मंग शेजारच्या बेबीताईले आवाज दे. तिच्या नवऱ्याकडं, मोतीरामकडे, फवारनीचा ब्लोअर हाय, टॅक्टरवरचा.

छाया : दिवा आणतानाच दिला आवाज. बेबीताईनं फोन लावला. ते फाट्यावर हायेत, निघालेत. दवाखान्याच्या गाडीलाही सांगितलं.

रंगराव : फाट्यावरून येईपर्यंत... छाया, त्या कडुलिंबाचा डगाळा तोड. मोठा, पानाचा. दोर बांध त्याले. विहिरीत खराब हवा असली का डगाळा खालीवर करून हवा फिरवत. आन इकडं. हां. दे.

शेखर : दादा! आयकू येते का? हात हलव, दादा! बोट हलव एक!

छाया : हलले का?

शेखर : पोतं हललं. डगाळ्यानं हललं.

रंगराव : वर... खाली... वर... खाली... छाया, पुन्हा दिवा सोड.

छाया : तिसऱ्या पायरीपर्यंत गेला. विझला.

रंगराव : एक पायरी उतरली हवा. येईन. आनखी येईन. वर... खाली...

शेखर : तोपर्यंत तो राहीन का, बाबा? श्वास नाई त मेंदू किती वेळ टिकते? जाऊ द्या मले. मी श्वास धरतो. विहिरीत सूर मारत होतो ना आम्ही दोघं, तळाची माती घेऊन वर येत होतो. दादापेक्षा मी जास्त थांबत होतो पान्यात.

रंगराव : तेव्हा तू बारा वर्साचा होता. काठीसारखा. आता पोट आलं तुले, या तोंडातच अडकशीन.

शेखर : नाई अडकत! मायामुळं गेला तो. म्या त्याले पाठवलं. मले माया जिवाचं काय करायचं? वहिनीले मी तोंड कसं दाखवू?

छाया : माझ्याकडं बघू नका. त्यांच्याकडं बघा.

शेखर : सोडा मले, बाबा! एक पोरगा वाचवाले दुसऱ्याले मरू देता काय तुमी? तो मोठा हाय, तो तुमच्याजवळ राह्यला, शेती त्यानं केली, मी त पळून गेलो होतो! त्याच्या जागी मलेच जाऊ द्या! सोडा ना, बाबा! सोडा!

रंगराव : शेखर.

शेखर : नका धरू मले! सोडा म्हनतो ना!

रंगराव : माये दोन्ही हात डगाळ्याच्या दोराले हायेत रे बाबू. मघापासून. तुले कोनं धरलं?

छाया : राहू द्या, मामाजी.

रंगराव : मी काई वंगाळ म्हनून नाई म्हनलं. नको जाऊ, मले तेच पाह्यजे. पन मायं नाव नको घेऊ.

छाया : राहू द्या म्हणले ना. त्यांना काही बोलू नका आता. ही गाठ बघा, माझ्या कंबरेला नीट बसली का.

रंगराव : हे काय व? छाया! सोड ते! प्राचीकडं पाह्य, लेकरू हाय तुले!

छाया : प्राचीचाच बाप हाय खाली. तोंड अरुंद हाय, मी जाते त्यातून. श्वास धरून उतरते, हा दुसरा दोर त्यांच्या काखेतून घालते, आणि वर येते. तिथं बसायचं थोडंच हाय?

रंगराव : दिवा अजून खालपर्यंत जात नाई, माय. मोतीराम येऊ दे. पाच मिनिटं.

छाया : तुम्हीच म्हणले ना, हवा एक पायरी उतरली? मग डगाळा थांबवू नका. माझ्या बाजूनं हलवत राहा, मी शिडीच्या कडेनं जाते. भाऊजी.

शेखर : काय, वहिनी?

छाया : इकडं या. बसा इथं, पाय रोवून. हे दोन्ही दोर धरा. हा त्यांचा, हा माझा. झटका बसला की ओढा.

शेखर : पहिले कोनता?

छाया : त्यांचा.

शेखर : अन् दोन्हीले एकदम झटका बसला त?

छाया : त्यांचाच ओढा, भाऊजी. धरलं का घट्ट?

शेखर : हाव, वहिनी. धरलं.