अवरेकाईच्या मुळांवरल्या गाठी

माझं माहेर चामराजपेटेतलं. वडिलांचं वह्या-पुस्तकं बांधायचं लहानसं दुकान होतं. आमची माणसं कितीतरी पिढ्यांमागे इकडे कन्नड मुलखात आलेली, त्यामुळे घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मी दोन्हीत कमीच बोलणारी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न झालं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यात बारा वर्षं गेली. काय सांगू तुम्हाला, तक्रार म्हणून सांगत नाही, पण प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि बरोबरची मुलं मला अक्का म्हणत.

तिथं माझ्याकडे एकच काम होतं. अवरेकाई, म्हणजे तुमचा पावटा, त्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतात. देवनहळ्ळीच्या मुनियप्पांच्या शेतातल्या गाठींतून अशा जिवाणूंचा एक चांगला वाण आम्हाला मिळाला होता. रोपं उपटून देताना मुनियप्पा एवढंच म्हणाले होते, जो मागेल त्याला द्या अक्का, माझ्या जमिनीनं काही माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. त्या दिवसांत पेटंटाची चर्चा सुरू झाली होती, लोक आपापल्या जिवाणूंच्या नळ्या कुलपात ठेवू लागले होते, पण प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या सरांनी मुनियप्पांचा शब्द पाळला. कुणाचंही पत्र आलं की मी नळी कापसात गुंडाळून टपालानं पाठवायची.

तो वाण मी फार जपला, आणि तिथंच चुकले. दर महिन्याला ताज्या नळीत हलवायची, अगदी निर्मळ ठेवायची. दर हंगामात तो एकदा रोपाच्या मुळाशी घालून गाठीतून परत काढावा, असं सरांनी वहीत लिहिलेलं होतं, पण मला वाटे, पुन्हा मातीत कशाला, मळेल. दोन वर्षं असं चाललं. मग धारवाडहून एका बाईंचं पत्र आलं की गाठी येत नाहीत. मी कुंड्यांत रोपं लावली, काही आठवड्यांनी उपटून पाहिली, आणि मुळं अगदी गुळगुळीत, एक गाठ नाही.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे बैठक होती, असं खुलं काम करणारे गावोगावचे लोक येणार होते. सर म्हणाले, स्वल्प थांबा, मागाहून पत्रानं कळवू. माझी नेमणूक वर्षावर्षानं वाढवली जाई, तीही त्याच महिन्यात ठरायची होती. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं खरं, पण माझ्या नळ्या विश्वासानं मातीत घालणारे लोक डोळ्यांपुढून हलेनात.

बैठकीत एकेकानं उठून नाव आणि काम सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी उठले. मी म्हटलं, मी सुलोचना, अवरेकाईच्या जिवाणूंचा वाण सांभाळते, तो माझ्या हातून निकामी झाला आहे, गेल्या दोन वर्षांत ज्यांना पाठवला त्यांनी कृपा करून वापरू नये. मग धारवाडच्या बाई म्हणाल्या, अहो, आणि मी इतके दिवस आमच्या माळ्याला बोलत होते. कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत, पण माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी वाढवून दिला.

मी पुन्हा देवनहळ्ळीला गेले. शेजारच्या शेतात प्लॉटांचे दगड रोवलेले, मुनियप्पांचंही निम्मं रान विकलेलं. सगळं ऐकून ते म्हणाले, बाटलीत बसवून खायला घातलंत, मग तो राबेल कशाला. उरलेल्या पट्टीतलं एक रोप त्यांनी उपटलं, गाठ नखानं फोडून दाखवली. आत गुलाबी होती, म्हणजे जिवंत, कामाची. मी तिथंच मातीत बसून बाकीच्या गाठी वेचून घेतल्या.

त्यांतून वाण परत मिळाला, आणि आता दर थंडीत मी तो रोपाला घालून गाठीतून पुन्हा काढते. नळीबरोबर पत्र जातं, त्यात आधी माझी चूक लिहिते, मग कृती. यंदा ती पट्टीही विकली गेली. मुनियप्पा जावयाकडे के. आर. पुरमला राहतात, अंगण नाही, जिन्यावरच्या डब्यात दोन वेल लावलेत, बी त्यांचं, जिवाणू मी दिलेला. त्यांचं शेत आता तेवढंच. बाकी ज्यांच्या ज्यांच्या मातीत तो गेला, तिथं सुखानं नांदो, आणि त्यांनीही मागणाऱ्याला नाही म्हणू नये.