जनामावशीचा धवला

आमी मूळचे मिठागरातले. पनवेलपासून दोन कोसांवर आमचं आगरी गाव, बाप मीठ ओढायचा, मी बी ओढलं, पायाला अशा भेगा की अलिबागला पोलिसात भरती झालो तवा सरकारी बूट घालताना डोळ्यांतनं पानी यायचं. पन काय सांगू तुमाना, खाकी घालून गावात शिरलो आन पाटील उठून उभा ऱ्हायला, तितंच माजं डोकं फिरलं.

तवा दारूबंदी नवी होती. फौजदार साहेब मना बोलले, तू हितलाच ना रं, मंग तुज्या गावात एक पन धाड कशी नाय? आता मी गप ऱ्हायलो असतो तर कुनी फासावर देनार नव्हतं. पन मना पाठीवर थाप पायजे होती. मी बोललो, साहेब, उद्या गावात हळद हाय, देवाला दारू दाखवायची रीत, जनामावशीकडं बाटली असनारच, पेंढ्याखाली ठेवते. आता तुमाना सांगतो, आमच्यात लगीन धवलारीन लावते, गानी गाऊन, ती गानी म्हंजे धवले. जनामावशी गावाची धवलारीन. माज्या आयबापाचं लगीन तिनंच लावलेलं. मी तिच्या घरी पेज पिऊन वाढलो, म्हनून तर मना पेंढा ठावूक.

मांडवात नवरीला हळद लागत होती, मावशी धवला गात होती, आन आमी शिरलो. मावशीच्या पेंढ्याखालनं बाटली निघाली, एकच, ती पन अर्धी. साहेब मनाच बोलले, धर हिला. मी तिचं मनगट धरलं. ती नवरीच्या आयला बोलली, घाबरू नको गो, धवला अर्धा सोडायचा नाय. आन तशीच गात निघाली. बांधावरनं, खाडीच्या कडंनं, पनवेलच्या बाजारातनं, चौकीच्या पायरीपर्यंत ती त्या नवरीचा धवला गात ऱ्हायली, लोकं दुकानाबाहेर येऊन बघत होती, आन मी तिचं हळदीचं मनगट धरून, खाली मान घालून. लाज वाटते हो सांगायला.

महिन्यानं ती सुटून आली. मना शाबासकी मिळाली होती. गावात कुनी शिवी दिली नाय, पन मी आलो का बाया बोलता बोलता थांबायच्या.

मंग धाकट्या भईनीचं लगीन ठरलं. आय बोलली, मावशीला बोलवायला तूच जा. गेलो, दारात उभा ऱ्हायलो. तीच बोलली, हळद कवा हाय?

आली. पाटावर बसली, समदं मांडलेलं बघितलं आन मना इचारलं, देवाची बाटली कुठं हाय? दारूबंदी तशीच होती, आन मी तवा हवालदार. सगळा मांडव ऐकत होता. मी बोललो, मावशी, आमच्या पेंढ्याखाली. ती हसली पन नाय. बोलली, मंग जा, घेऊन ये.

मावशी गेली आता. तिची लेक धवलारीन हाय, माज्या पोरीच्या हळदीला यायला कबूल झालीय, देव तिचं भलं करो. बाटली मी आनून ठेवलीय. कुठं, ते तुमी लिवा नायतर नका लिवू, समद्या गावाला ठावूक हाय.