साडूचा काळोख

...अहो, कॅमेऱ्याचं काय, डोळा लावला की दिसतं! आवाज पकडून दाखव म्हणावं! तुम्हाला सांगतो, आमची ती पदरमोड करून काढलेली छोटीशी फिल्म... कॅमेरा साडूचा, आवाजाचं रेकॉर्डिंग माझं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सासूबाईंचा लाडका जावई. मी नुसताच जावई!

शूटिंग सासूबाईंच्याच स्वयंपाकघरात. तिथे साधं शिंकलं तरी घुमतं, म्हणून घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या मी भिंतींवर टांगल्या, फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, वरच्या मजल्यावर जाऊन 'काकू, मिक्सर तेवढा थोडा वेळ...' म्हणून हात जोडले, आणि जळमटं काढायच्या काठीला माइक बांधून घामाघूम उभा राहिलो! हात लटपटताहेत, नाकावर माशी... हलायचं नाही! आणि साडू? खुर्चीत! वर म्हणतो कसा, 'काठी दिसतेय हो, जरा मागे!' आणखी किती मागे? न्हाणीघरातून रेकॉर्ड करू? एवढं करून नाव कुणाचं? साडूचं!

बरं, शेवटचा प्रसंग. आई मुलाचा फोन ठेवते आणि एकटीच हुंदका गिळते. आमच्या नटीने तो असा गिळला म्हणता... कानाला हेडफोन लावून मलाच भडभडून आलं! दिग्दर्शक ओरडला, 'झकास!' आणि साडू म्हणतो, 'अं... बॅटरी मघाशीच गेली बहुतेक.' बहुतेक! नटीला काही तसं पुन्हा जमेना. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, 'राहू दे, पडदा काळाच ठेवू. आवाज आहे ना!'

मनात म्हटलं, आता कळेल बेट्याला!

फिल्म दाखवली. पडदा काळाठिक्कर आणि नुसता तो हुंदका. अख्खा हॉल मुसमुसतोय, सासूबाईंचा पदर डोळ्यांना! मी कॉलर ताठ केली... दिवे लागले, आणि लोक धावले कुणाकडे? साडूकडे! 'काय धाडस! काळोख काय टिपलाय!' अहो, टिपतोय कसला, चार्जिंगला लावायचं विसरला तो! आणि हा लेकाचा मान खाली घालून म्हणतो, 'कधीकधी न दाखवणंच...' न दाखवणंच! नाव कुणाचं? साडूचं!

माझ्या अंगाची नुसती लाही लाही! तरातरा पुढे गेलो. म्हटलं, आज सांगतोच. 'ऐका हो, त्या वेळी कॅमेरा...' तोच सासूबाईंनी हात दाबला. 'शूऽऽ! आमचे जावईबापू बोलताहेत ना!'

बसलो गप्प. काय करणार? त्या अख्ख्या हॉलमध्ये शांत राहण्याची प्रॅक्टिस असलेला माणूस मी एकटाच!