सेनापतीची मूर्च्छा आणि पाटलांची तलवार

नाही, पण तुम्हीच सांगा, पडायचं कोणी? मी! डोकं आपटायचं कोणाचं? माझं! स्टेजच्या फळीतून वर आलेला खिळा टोचायचा कोणाच्या बरगडीत? माझ्याच ना? मग पडताना माझ्या हातातल्या तलवारीचं काय करायचं हे ठरवायला अख्खं हिवरखेड जमा... वकिलानं मत द्यावं, डॉक्टरनं द्यावं, पाटलानं द्यावं, पाटलाच्या गड्यानं द्यावं, आणि पडणाऱ्याला? पडणाऱ्याला कोणी विचारलं का? नाव नका काढू!

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या गावच्या गणपतीत द्वारपाल. शाळेत गोवर्धनमास्तर, खोकललो तरी वर्ग चिडीचूप, आणि नाटकात भाला धरून कोपऱ्यात उभा. वाक्य एकच. "जी महाराज." एका वर्षी महाराजच आपलं वाक्य विसरले, तर माझं तेवढंही गेलं! आमची गोदावरी दरवर्षी पुढं बसून शेजारणीला दाखवणार, "ते पाहा, आमचे हे. ते... भाल्याच्या मागं." अकरा वर्षं हो! आणि यंदा, एकोणसाठच्या गणपतीत, देव पावला. आमचे मोरोपंत वकील, अकोल्याच्या कोर्टात वकिली करतात, शनिवारच्या मोटारीनं गावी येतात आणि रविवारी गावाला नाटक शिकवतात, त्यांनी स्वतः एक नाटक लिहिलं, 'विक्रमसिंहाची शर्थ', आणि त्यात मला चक्क सेनापती केलं! विक्रमसिंह म्हणजे मीच!

तिसऱ्या अंकात मला बाण लागतो. मी मूर्च्छित पडतो. सगळे रडतात. मग मी डोळे उघडतो, उठतो, तलवार उंच धरतो आणि म्हणतो, "देह पडला, शुद्ध हरपली, पण मुठीतली तलवार सुटली नाही!" आणि तिथून पुढे सतरा ओळी. सतरा! अकरा वर्षांत मिळून बोललो नाही तेवढं एका दमात. मी पाठ केलं हो! पोरांना त्रैराशिक घालून पाठ केलं, विहिरीवर पाठ केलं, म्हशीसमोर पाठ केलं, म्हैस रवंथ थांबवून ऐकायची, एवढं रंगत होतं.

आणि दृष्ट लागली. दर रविवारी तालमीला आमचे डॉक्टर बापूसाहेब येऊन बसत. काहून? काम काय तुमचं? गावात ताप आहे, खोकला आहे, हगवण आहे, जा ना तिकडे! पण नाही. मी पडलो... काय झोकात पडलो म्हणून सांगू... आणि बापूसाहेबांनी तंबाखूची चिमूट गालात सारली. "मोरोपंत, एक शंका आहे. माणूस बेशुद्ध पडला की स्नायू ढिले पडतात. मूठ सैल होते. मग तलवार याच्या हातात राहील कशी?"

झालं! वकिलाला शंका दाखवणं म्हणजे माकडाला दारू पाजणं. मोरोपंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "रास्त आहे. शुद्ध गेली की ताबा गेला. ताबा गेला की वस्तू सुटली. वस्तू सुटली की 'तलवार सुटली नाही' हे विधान खोटं. आणि विधान खोटं, सबब पुढचं भाषण रद्द." रद्द!! माझ्या सतरा ओळींवर रेघ मारायला त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा! मी अजून खालीच पडलेलो, बरं का. तसाच आडवा ओरडलो, "अहो पंत, नाटक आहे ते! बाण तरी कुठं खरा आहे?" तर म्हणतात, "बाण खोटा चालतो, गोवर्धनराव. मूर्च्छा शास्त्रशुद्ध पाहिजे." आता बोला!

घरी गेलो, जेवलो नाही. म्हटलं, बायकोला तरी विचारावं. गोदावरीनं शांतपणे विचार केला. म्हणाली, "हे पाहा, तुम्ही दुपारी वाचता वाचता घोरायला लागता तेव्हा पेपर पडतो, पण चष्मा पडत नाही." अगं, चष्मा हातात असतो का? "मग तलवार कानात अडकवा," म्हणाली! अशी ही घरची साथ. पडणाऱ्याची किंमत घरात नाही, तर गावात कुठून असणार?

पण तुम्हाला सांगतो, देव अगदीच झोपलेला नव्हता. नाटकाला तलवार खरी यायची होती, सूर्यभान पाटलांची. त्यांच्या घरात पाच पिढ्यांची तलवार आहे, दसऱ्याला पूजेपुरती बाहेर निघते, मग वर्षभर देवघरात. ती त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली होती. त्यांच्या कानावर गेलं की तलवार पडणार म्हणून. पाटील तसेच वावरातून उठून तालमीला आले, पायाला काळी माती, हातात नांगराचं रुमणं. "कोन म्हनते तलवार पडते? आमच्या पाच पिढ्यायची तलवार हाये ते! आजलोग जमिनीले लागली नाई. मास्तर, तुमी पडा. एक डाव काहून, शंभर डाव पडा, आपलं काई म्हननं नाई. पन तलवार पडली नाई पायजे!"

मला तर पाटलांचे पाय धरावेसे वाटले. माझ्या हाडांची पर्वा नाही त्यांना, नसू दे! सतरा ओळी वाचत होत्या ना! पण मोरोपंत कसले ऐकतात? सभा भरली. गणपतीसमोर, सतरंजी टाकून, तीन तास! बापूसाहेब म्हणतात पडलीच पाहिजे, पाटील म्हणतात पडलीच नाही पाहिजे, कोणी म्हणतो अर्धी पडावी, कोणी म्हणतो माझे आजोबा बैलगाडीवरून बेशुद्ध पडले तेव्हा कासरा सुटला नव्हता, बैल त्यांना घेऊन बार्शीटाकळीपर्यंत गेले... आणि मी मधोमध बसलेलो. पडणारा! एका तरी माणसानं माझ्याकडे तोंड करून म्हणावं, "मास्तर, तुम्हाला कसं वाटतं?" एकानं? शेवटी ठराव झाला. ऐका ठराव: "सेनापतीची शुद्ध जाताक्षणी तलवार हातातून सुटेल, परंतु जमिनीस लागणार नाही." एकमतानं मंजूर! टाळ्या! पृथ्वीला विचारलंत का रे बाबांनो? तिचं तर तीन तासांत नाव नाही!

मग तोड निघाली. बाजूला उभ्या असलेल्या द्वारपालानं तलवार वरच्या वर झेलायची. मी शुद्धीवर येऊन म्हणायचं, "द्वारपाला, दे ती तलवार!" त्यानं म्हणायचं, "जी महाराज." द्यायची. आणि मग माझं भाषण, थोडी डागडुजी करून: "शुद्ध हरपली, तलवार सुटली, पण भूमीला लागली नाही!" पुढच्या सतरा ओळी शाबूत. मी म्हटलं, चालेल. सतरा ओळींसाठी माणूस काय काय गिळतो!

आणि द्वारपाल कोण? पाटील म्हणाले, माझ्या तलवारीला हात लावील तो माझ्याच घरचा माणूस. म्हणजे त्यांचा गडी बुधाजी. सहा फूट उंच, मनगट असं, आणि पाटलांनी विहिरीत उडी मार म्हटलं तर "किती खोल हाये?" हेही न विचारणारा. तालमीत त्यानं काय सुरेख झेललं! पण तालमीत होती पऱ्हाटीची काडी. खरी तलवार पूजा करून नाटकाच्या दिवशीच बाहेर येणार, तसा रिवाजच. आणि पूजेनंतर पाटलांनी बुधाजीला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते मला कोणी सांगितलं का? मला कोण सांगणार!

नाटकाचा दिवस. हिवरखेड लोटलेलं, गोदावरी सगळ्यांत पुढं, शेजारणीला आधीच सांगून बसलेली, "यंदा भाल्यामागं पाहू नका." तिसरा अंक आला. बाण आला. मी पडलो. तलवार सुटली... सुटली आणि बुधाजीनं अशी झेलली अशी झेलली की शिट्ट्या! टोप्या उडाल्या! मी बेशुद्ध, म्हणून मला पाहता येईना. मनात म्हटलं, वाजवा लेकहो, आता माझी पाळी. डोळे उघडले. उठलो. हात पुढं केला. "द्वारपाला, दे ती तलवार!"

बुधाजी हलेना.

"द्वारपाला! दे ती तलवार!"

बुधाजीनं तलवार पाठीमागं नेली. आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "पयले सांगा मास्तर, आज वार कोनता?"

मी गार! हळूच म्हटलं, "अरे, 'जी महाराज' म्हण आणि दे." तर म्हणतो, "थ्ये सगळं खरं. पन मालकानं बजावलं हाये, शुद्ध नसलेल्या मानसाच्या हाती तलवार द्याची नाई. तुमी आताच बेशुद्ध पडले व्हते. सगळ्या गावानं पायलं." आणि प्रेक्षकांतून, "बरोब्बर हाये! नको देऊ रे बुधाजी!" मी म्हटलं, "सोमवार! सोमवार आहे!" बुधाजी म्हणाला, "सोमवार हाये खरा. पन बोटं किती हायेत?" भर स्टेजवर माझ्या नाकासमोर बोटं! आणि एवढं करूनही खात्री पटेना, तेव्हा "मालकाले इचारून येतो," म्हणून तलवार घेऊन, पायऱ्या उतरून, सरळ पाटलांच्या खुर्चीकडे चालू लागला! लोक हसून हसून लोळतायत, मोरोपंत विंगेत कपाळ बडवतायत, आणि कोणीतरी पडदा पाडला. सतरा ओळी पडद्याच्या मागं, माझ्या तोंडात. पाटलांनी तिथल्या तिथं बुधाजीला फेटा बांधला. गोदावरी शेजारणीला म्हणाली, "पुढच्या वर्षी येऊ." खोटं कशाला बोलू, मला रडू आलं हो.

रात्री जेवलो नाही. सकाळी नाश्ता केला नाही. तशात मोरोपंतांच्या ओसरीवर सगळे चहाला. माझ्या डाव्या हातात बशी, उजव्या हातात कप. आणि मोरोपंत खुशीत म्हणतात, "काल लोकांना खरा आवडला तो बुधाजी. पुढच्या वर्षी सेनापती त्यालाच देऊ. गोवर्धनराव आहेतच द्वारपालाला, त्यांना सवय आहे."

तुम्हाला सांगतो, डोळ्यांपुढं काळोख. या खेपेला नाटक नाही. खरा पडलो. दाणकन!

डोळे उघडले तर सगळे माझ्याभोवती वाकलेले. वाटलं, चला, शेवटी पडणाऱ्याकडे कोणीतरी पाहिलं! कोणी पाणी मारील, कोणी नाडी पाहील, डॉक्टर तर उशाशीच आहे... पण एकही डोळा माझ्या तोंडाकडे नाही! सगळे माझ्या हातांकडे पाहतायत. बापूसाहेब ओरडतायत, "सुटली! बशी सुटली! मी सांगत नव्हतो?" खरंच, बशीचे तीन तुकडे. आणि पाटील माझा उजवा हात वर धरून, "आन हे काय हाये? कप कुठी सुटला? कप त बोटातच हाये!" खरंच, कपाच्या कानात बोट अडकून कप तसाच. झुंपली! अर्धी ओसरी बशीकडून, अर्धी कपाकडून. गोदावरी धावत आली, तुकडे पाहिले आणि म्हणाली, "आपल्या घरची नाही ना बशी?"

आणि मग एकदम सगळे गप्प झाले. अख्खा गाव माझ्याकडे टक लावून पाहतोय. म्हटलं गोवर्धना, हीच ती वेळ, अकरा वर्षांची! कोपरावर उठलो, कप उंच धरला आणि सुरुवात केली, "देह पडला, शुद्ध हरपली, पण..."

"थांबा, थांबा, बोलू नका!" मोरोपंतांनी माझा हात धरला. दुसरी बशी मागवली, डाव्या हातात दिली. बुधाजीला शेजारी ओंजळ करून उभं केलं, नवा फेटा बांधून आला होता तो. आणि मोठ्या आदरानं म्हणाले, "गोवर्धनराव, परत एकदा पडता का? या वेळी दोन्ही हातांकडे नीट पाहतो."

विचारलं बरं का! अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, "जी महाराज. पण आधी कपात चहा तरी घाला, मघाचा प्यायचा राहिलाय."