आत घेतलेला पट्टा

ताई: साल नाही सांगता येणार, पण मला जुळी झाली त्या वर्षापासून घोरतोय माझा भाऊ. आधीही घोरत असेल. पण जुळ्यांना घेऊन मी तीन महिने बाबांच्या घरी राहिले, तेव्हा कानावर आलं. एका खोलीत बाबा, पलीकडच्या खोलीत हा, मधल्या खोलीत मी आणि दोन तान्ही. दोन्हीकडून करवत चालू.

मशीनवाली: म्हणजे किती वर्षं झाली, मावशी?

ताई: जुळी आता कॉलेजात आहेत. एकोणीस धर.

बारक्या: हे सगळं लिहायलाच हवं का? ऑपरेशन पोटाचं आहे, घोरण्याचं नाही.

मशीनवाली: काका, भूल देणारे डॉक्टर हा कागद बघितल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आज शनिवार. सोमवारी तुमचं ऑपरेशन. वजन सांगा.

बारक्या: एकशे बेचाळीस.

ताई: आणि घरात याला सगळे बारक्या म्हणतात. सातव्या महिन्यात जन्मला, तेव्हा ओंजळीत मावत होता. नाव तेच राहिलं, बाकीचं वाढलं.

मशीनवाली: गळ्याचं माप राहिलं. थांबा, टेप इथेच होती...

ताई: अठरा इंच. शोधू नकोस.

मशीनवाली: नुसतं बघून?

ताई: तीस वर्षं शर्ट शिवतेय मी. बाबांची कॉलरही अठराच. आमच्या घरात माना नसतातच, खांद्यावर थेट डोकं.

मशीनवाली: वडील आहेत?

ताई: नाहीत.

मशीनवाली: कशाने गेले?

ताई: कशानेच नाही. झोपेत गेले. कुणाला हाक नाही, कुणाला त्रास नाही. लोक अजून म्हणतात, मरण यावं तर असं.

मशीनवाली: वय काय होतं?

ताई: चोपन्न.

मशीनवाली: चोपन्न... बरं. काका, काम काय करता?

बारक्या: बस चालवतो. म्हणजे चालवायचो. सहा महिने झाले, डेपोच्या फाटकावर बसवलंय.

मशीनवाली: का?

बारक्या: सिग्नलला डोळा लागला.

ताई: तीनदा.

बारक्या: हो, तीनदा. शेवटच्या वेळी हिरवा होऊन गेला, लाल झाला, परत हिरवा झाला. मागून एक आजी उठून आल्या. म्हणाल्या, ड्रायव्हरसाहेब, आम्ही उतरून चालत जाऊ का? साहेबांनी मग स्पष्टच सांगितलं. वजन उतरव, डॉक्टरांचा कागद आण, मग गाडी. वर्षाअखेरपर्यंत मुदत आहे. नाहीतर कायमचं फाटक. येणाऱ्या गाडीला उघड, जाणाऱ्या गाडीला उघड.

मशीनवाली: म्हणून पोट लहान करायचं ऑपरेशन.

बारक्या: म्हणून. तारीख मिळायलाच चार महिने लागले. आता ती हलता कामा नये.

मशीनवाली: झोपताना लावायला दिलेलं हवेचं मशीन रोज लावता?

ताई: रोज लावतो.

मशीनवाली: मी काकांना विचारलं.

बारक्या: रोज. मशीनमधल्या कार्डात सगळं उमटतं म्हणाला होतात ना? बघा की.

मशीनवाली: तेच बघतेय. सदतीस रात्री. पहिल्या दोन सोडल्या तर एकही खाडा नाही. रोज सात तास. काका, इतकं कुणी वापरत नाही. माझे निम्मे पेशंट आठवड्यात मशीन कपाटावर टाकतात आणि त्यावर उशा रचतात.

ताई: शिस्तीचं घर आहे आमचं.

मशीनवाली: एकच गोष्ट जुळत नाही. हे मशीन माणसाचा श्वास ओळखून हवेचा दाब वाढवतं, कमी करतं. पहिल्या दोन रात्री दाब चौदा-पंधरावर गेलाय, आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात मशीन बंद केलंय. तिसऱ्या रात्रीपासून पाच. पस्तीस रात्री सपाट पाच.

बारक्या: सवय झाली असेल मला.

मशीनवाली: सवयीने गळा रुंद होत नाही, काका. वजन तितकंच, गळा तितकाच, आणि एका रात्रीत आजार गायब? मास्क द्या बघू. लावून बघते.

(ती मास्क त्याच्या तोंडावर धरते आणि पट्टा डोक्यामागे ओढते. पट्टा कानाच्या पुढेच अडतो.)

बारक्या: आज जरा आखडलाय. धुतला होता काल.

मशीनवाली: हा पट्टा आखडत नाही. एक मिनिट. इथे टीप मारलीय. या बाजूलाही. दोन्हीकडून दोन-दोन इंच आत घेतलाय. हे कुणी केलं?

बारक्या: कंपनीचीच असेल.

मशीनवाली: कंपनीची टीप इतकी सुबक नसते. मावशी?

ताई: सैल होत होता.

मशीनवाली: कुणाला सैल होत होता?

ताई: मला.

बारक्या: ताई, गप्प बस ना.

ताई: किती गप्प बसू? तिच्या हातात आहे पट्टा. हे बघ पोरी, याला ते सोसेना. म्हणे, धावत्या बसच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं होतं. उठून बसायचा, घाम फुटायचा. आणि रोज चार तास तरी भरले नाहीत तर तारीख जाणार, असं तुम्हीच सांगितलेलं. तारीख गेली की फाटक. मग मी म्हटलं, आण इकडे. मशीनला काय कळतंय, नाक कुणाचं ते.

मशीनवाली: पस्तीस रात्री तुम्ही लावलंत?

ताई: माझ्या पहिल्या दोन रात्री मलाही गुदमरलं. मग पट्टा आत घेतला, आणि नीट बसला. आता तर त्याच्याशिवाय डोळा लागत नाही.

मशीनवाली: मावशी, मी या कागदावर सही करणार होते. आत्ता. पाच मिनिटांत.

ताई: मग कर की. कुणाचं काय बिघडलं? त्याचं घोरणं आम्ही वीस वर्षं ऐकलं, अजून दोन दिवस ऐकू.

मशीनवाली: सोमवारी भूल उतरल्यावर वॉर्डात हेच मशीन लावणार होते त्यांना. पाचच्या दाबावर. या कार्डावर विसंबून. वर दुखायचं कमी करायला इंजेक्शन, त्याने झोप आणखी गाढ होते, गळा आणखी सैल पडतो. आणि हा मास्क त्यांच्या डोक्यावर बसतसुद्धा नाही.

ताई: बसला नसता तर उसवला असता. घोरला असता रात्रभर, दुसरं काय?

मशीनवाली: काका, तुम्ही यांना रिपोर्ट दाखवला नाहीत?

बारक्या: कशाला दाखवायचा? ती काळजी करत बसते.

ताई: कसला रिपोर्ट? मला म्हणालास, घोरणं बंद करायचं मशीन आहे.

मशीनवाली: झोपेची तपासणी झाली होती त्यांची. एका तासात बासष्ट वेळा श्वास थांबतो.

ताई: थांबतो म्हणजे मंद होतो?

मशीनवाली: बंद होतो. एकदा तर ऐंशी सेकंद बंद होता.

ताई: ऐंशी सेकंद. बारक्या, हे तुला माहीत होतं?

बारक्या: कागदावर होतं. मला झोपेत काय कळणार? सकाळी उठतोच आहे ना मी.

ताई: पण मला कसं कळलं नाही? आता एकाच घरात राहतो, शेजारच्या खोलीत असते मी. पातळ भिंत आहे.

मशीनवाली: घोरणं मध्येच एकदम बंद पडतं, ते ऐकलंय ना तुम्ही?

ताई: रोज. तेवढंच तर बरं वाटतं. वाटतं, लागली बाई एकदाची शांत झोप.

मशीनवाली: ती शांत झोप नसते, मावशी. घोरतोय म्हणजे हवा जातेय. आवाज बंद झाला, तेव्हा श्वास बंद असतो. मग शरीर दचकतं, मोठा आचका येतो आणि पुन्हा घोरणं सुरू होतं.

ताई: आणि आचका आला नाही तर?

मशीनवाली: बहुतेक वेळा येतो.

ताई: मी विचारलं, नाही आला तर?

बारक्या: ताई, काय झालं? अशी काय बघतेस?

मशीनवाली: पाणी देऊ का मावशी?

ताई: पाणी नको. बारक्या, बाबा गेले तेव्हा तू कुठे होतास?

बारक्या: झोपलो होतो. तूच उठवलंस सकाळी. चहा घेऊन गेलीस तर थंड पडलेले.

ताई: थोरलीला पाजून झालं होतं. धाकटा किरकिरत होता, बाबांच्या घोरण्याने सारखा दचकायचा. त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. आणि बाबांचा आवाज बंद झाला. एकदम, कात्रीने कापल्यासारखा. घड्याळात साडेतीन झाले होते. मी म्हटलं, चला, सुटलो. धाकटाही लगेच झोपला. मग मीही आडवी झाले. इतकी चांगली झोप त्या तीन महिन्यांत लागली नव्हती.

बारक्या: हे कधी बोलली नाहीस तू.

ताई: सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच मला आत्ता कळतंय.

मशीनवाली: मावशी, ते त्यानेच गेले असं कुणीच सांगू शकत नाही. एकोणीस वर्षं झाली. हृदयाचं असेल, आणखी काही असेल.

ताई: अठरा इंच कॉलर होती. तूच मघाशी चोपन्न म्हणून थांबलीस.

मशीनवाली: थांबले होते.

बारक्या: सोमवारचं काय करायचं?

मशीनवाली: सोमवार रद्द. डॉक्टरांना मी आजच सांगणार. तीन आठवडे खरंच वापरा, मास्क तुमच्या चेहऱ्याचा घ्या. नाकावरचा लहान मिळतो, त्याने इतकं गुदमरत नाही. आधी दिवसा जागेपणी टीव्ही बघत लावा. मग मी पुन्हा कार्ड बघेन. मुदतीच्या आत तारीख मिळावी म्हणून मीही शब्द टाकेन.

बारक्या: आणि ऑपरेशननंतर हे जाईल?

मशीनवाली: वजन उतरलं की कमी होतं, बऱ्याच जणांचं सुटतं. पण पुन्हा तपासणी करूनच. आपल्या मनाने नाही.

बारक्या: ताई, नवा मास्क मिळेपर्यंत तो पट्टा उसव.

ताई: पिशवीतली कात्री काढ. लहान, काळ्या मुठीची. तुझा चेहरा बारीक झाला की परत आत घेऊन देईन.

बारक्या: तोवर फाटक सांभाळतो. पण आज रात्री तू माझ्या खोलीत झोप.

ताई: झोपणार नाही. बसेन. पोरी, तो मघाचा कागद आण. बाबांचं जे लिहिलंस ते खोड.

मशीनवाली: काय लिहू?

ताई: लिही. बाबा गेले ते मला जुळी झाली त्या वर्षी, जुळी अडीच महिन्यांची असताना, शुक्रवारी पहाटे साडेतीनला. ते झोपले होते. मी जागी होते.