सहा महिन्यांची सात वर्षं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गणपतराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती पाळकसाहेब रेव्हरंड शांतवन सातपुते, पंच कमिटीतले माझे सहकारी, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

मी आकाराम, या मंडळीचा चिटणीस. साहेबांविषयी चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलं आहे. गोड बोलणं मला जमत नाही हे कमिटीला ठाऊक होतं. तरी उभं केलं, तेव्हा आता ऐकून घ्यावं.

निमंत्रणपत्रिकेवर साहेबांच्या नावापुढं ‘मंडळीचे शिल्पकार’ असं छापलं आहे. साहेब आले शहाण्णव साली. मग ब्याण्णवपासून आम्ही काय करत होतो? गडमुडशिंगीच्या रस्त्याला तेव्हा ऊस काढून नुकते प्लॉट पडत होते. शहरातलं चर्च लांब, म्हणून नऊ माणसं बाळाबाईंच्या सोप्यात जमू लागली. रविवारी सकाळी त्या म्हैस सोडून बाहेर गल्लीत बांधायच्या, सोपा सारवायच्या आणि तिथं उपासना व्हायची. प्रभुभोजनाला पाव कुठला मिळायला? त्यांनी गव्हाची बिनमिठाची पोळी भाजली. त्याच पोळीचे चौकोनी तुकडे आजही आपल्या मेजावर येतात.

नऊ माणसांची आज दोनशे घरं झाली. इमारत साहेबांनी उभी केली, हे मी नाकारत नाही. भिंती चांगल्या आहेत. पंखेही चांगले आहेत.

अध्यक्षसाहेब, तुमची चिठ्ठी मिळाली. आवरतोच.

नव्याण्णवच्या मे महिन्यात बाळाबाईंच्या नातीचं, मोनाचं, लग्न झालं. घरात हळद लागली. साहेबांनी ती जुन्या धर्माची चाल ठरवली आणि बाळाबाईंना सहा महिने प्रभुभोजनाची बंदी केली. भर उपासनेत वाचून दाखवलेलं ते पत्र माझ्याच अक्षरात आहे. मुदत संपली की पाळकांनी भर उपासनेत नाव घेऊन माणसाला परत मेजाशी बोलवायचं, हा आपला नियम. नोव्हेंबर आला तेव्हा पायाभरणीची गडबड होती. साहेब विसरले. मी दोनदा आठवण केली. “बघू,” म्हणाले. पुढं मीही विसरल्यासारखं केलं. त्याची मला लाज वाटते.

या मे महिन्यात त्या बंदीला सात वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाळाबाई पोळी करून आणतात, डबा माझ्या हातात देतात, आणि तुकड्यांचं ताट फिरू लागलं की मागच्या दाराजवळ मान खाली घालून बसतात. एकदा मी हळूच म्हणालो, “आत्ती, घ्या की एक तुकडा. कोण बघतंय?”

“समद्यांम्होरं उठीवलंय, समद्यांम्होरं बशीवलं पायजे. चोरून खायाला मी काय मांजर हाय व्हय?”

“मग पोळी तरी कशाला करतायसा?”

“पोळीनं काय केलंय?” म्हणाल्या, आणि रिकामा डबा घेऊन चालू लागल्या.

आता हेही सांगून टाकतो. गेल्या डिसेंबरात साहेबांच्या मुलीचं लग्न झालं. हळद तिथंही लागली. मी स्वतः कोपरापर्यंत पिवळा होऊन घरी गेलो. त्याचं पत्र कुणाला गेलं? चिटणीस मीच आहे, मला तर कुणी लिहायला सांगितलं नाही.

साहेब, असं घड्याळाकडं बघू नका. उद्या पहिला रविवार, तुमची इथली शेवटची उपासना. परवा तुम्ही मलकापूरला. नव्या पाळकांना यातलं काही माहीत नसणार, आणि बाळाबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. उद्या तुम्ही त्यांना नाव घेऊन मेजाशी बोलवा. त्यांनी खाल्ल्याशिवाय मी ताट उचलणार नाही. बाकीच्या पंचांनी आपापलं ठरवावं.

कमिटीनं आणलेली शाल समोर आहे, ती साहेबांना घालाच. माझं काही म्हणणं नाही.

एवढा वेळ कुणी उठून गेलं नाही, याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलताना उणंअधिक झालं असेल तर क्षमा मागून खाली बसायची रीत आहे. मीही मागणार आहे. आधी बाळाबाईंची, मग तुमची. पण साहेब, त्या रांगेत माझा नंबर तुमच्या मागं आहे. मागच्या दाराजवळ, हिरव्या लुगड्यात बसल्या आहेत त्या.

माइक मी बंद करत नाही. हा घ्या.