हॉलची चारही दारं

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आपल्या बी विंगच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक कागद लागला. शोकसभेत बोलायची ही रीत नव्हे, मला कळतं. पण तुम्ही सगळे आलात, मुलुंड कॉलनीतून त्यांचे नातेवाईकही आलेत, आणि बीजींविषयी बोलायचं तर मला त्या कागदापासूनच सुरुवात करावी लागते. दुसरं काही सुचत नाही. थकले आहे मी.

हरबंस कौर. दुसरा मजला, खोली नंबर सहा. आपण सगळे त्यांना बीजी म्हणायचो. सेक्रेटरी राणेसाहेबसुद्धा.

बीजींना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मी जिन्यावरून उतरत होते, त्यांनी मला थांबवलं. "सुधा, वाच ना गं, काय लिहिलंय?" मी वाचलं. गुरुपुरबच्या, म्हणजे गुरूंच्या जयंतीच्या, जेवणाला सभासदांनी हॉलमध्ये बसावं. कामवाल्या बायका, वॉचमन, सफाई कामगार यांना गेटवर डबे देण्यात येतील. स्वच्छतेच्या कारणास्तव. खाली राणेसाहेबांची सही, शिक्का.

बीजींनी विचारलं, "मग सुनंदा कुठे बसणार?"

"तिला डबा मिळेल, बीजी. घरी नेऊन खाईल."

"डबा दिला तर तो डबा झाला. लंगर कुठे झाला?"

मित्रहो, मी बारा वर्षं नन्सच्या शाळेत शिकले. चॅपलमध्ये डोकं झाकून गुडघे टेकायला मला शिकवलं होतं. त्याच शाळेत आमच्या वर्गाचे बाक वेगळे होते आणि अनाथाश्रमातल्या मुलींचे वेगळे, याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. ही मी. तीस वर्षांपूर्वी बीजींच्या पहिल्या लंगरला मी आले आणि म्हटलं, मला एक खुर्ची द्या. शेजारी माझीच भांडी घासणारी सुनंदा बसली होती, खरं कारण ते होतं. बीजी हातात डाळीची बादली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "खुर्ची नाही गं. पंगत आहे. पाहिजे तर बस, नाही तर उभी राहून आमचं जेवण बघ."

मी बसले. भूक लागली होती, म्हणून बसले. उगाच मोठेपणा घेत नाही.

मग एकदा त्या मला अमृतसरला घेऊन गेल्या. हरमंदिर साहिब. मला वाटलं होतं, सोन्याचं मंदिर बघून डोळे दिपतील. आधी दिसल्या त्या पायऱ्या, आणि त्या खाली उतरत होत्या. आपल्याला देवाकडे चढून जायची सवय. मी म्हटलं, "बीजी, हे बांधताना पातळी चुकली की काय?" त्या हसल्या. "चुकली नाही. मुद्दाम खाली बांधलं. येणारा उतरून येऊ दे, राजा असला तरी."

तिथल्या थंडगार फरशीवर बसून त्यांनी मला सांगितलं. चौथ्या गुरूंनी तलाव खणायला घेतला, पाचव्या गुरूंनी त्याच्या मधोमध मंदिर उभं केलं आणि त्यात ग्रंथ ठेवला. पहिली वीट लाहोरच्या एका मुसलमान फकिराने ठेवली, असं सांगतात. चार दिशांना चार दारं, म्हणजे कुणालाही विचारायला नको की माझं दार कुठलं. पुढे ते पाडलं गेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तलाव मातीने बुजवला. लोक परत आले, हातांनी माती उपसली, परत बांधलं. सोनं फार नंतरचं. "लोक सोनं बघतात," बीजी म्हणाल्या, "मला ती माती दिसते."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, त्याच्याही आधीची, तिसऱ्या गुरूंच्या काळातली. बादशहा अकबर भेटायला आला, तर त्याला आधी पंगतीत बसून जेवावं लागलं, असं सांगतात. बादशहाला जमलं. आपल्या मॅनेजिंग कमिटीला जमेना.

आता गुरुपुरबच्या दिवशी काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. पाहिलं नाही म्हणू नका. हॉलमध्ये पंगत बसली. बीजींनी सगळ्यांना वाढलं. मग एक सतरंजी काखेत मारून त्या गेटवर गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सुनंदा, दोन वॉचमन, कांजूरहून येणाऱ्या सफाईच्या बायका, त्यांच्या ओळीत जमिनीवर बसून जेवल्या. समोरून रिक्षा जात होत्या.

आणि मी कुठे होते? हॉलमध्ये. पंख्याखाली. मला वाटलं, आता कोण वाद घालणार, माझे गुडघे दुखतात. खीर छान झाली होती. मी दोनदा घेतली.

त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. संध्याकाळी दार वाजवून विचारलं, "जेवलीस ना पोटभर?" एवढंच. ते अजून माझ्या कानात आहे. मग अठरा दिवसांनी त्या गेल्या. झोपेत, शांतपणे. कागदामुळे गेल्या, असं मी म्हणणार नाही. त्यांचं वय झालं होतं. पण तो कागद अजून फळ्यावर आहे.

येत्या रविवारी याच हॉलमध्ये त्यांची अंतिम अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, आणि त्यानंतर लंगर. काल त्यांची सून मनजीत माझ्याकडे आली. "आंटी, सतरंजी कुठपर्यंत अंथरू? गेटपर्यंत की आतच?" सासू जाऊन चार दिवस झालेत आणि तिला हे विचारावं लागतंय.

आपल्या हॉललाही चार दारं आहेत. मोजा. त्यातलं मागचं दार उघडं आहे आणि त्याच्या बाहेर, चपलांपाशी, आत्ता सुनंदा उभी आहे. तीस वर्षं बीजींबरोबर पोळ्या लाटल्या तिने. शोकसभेलासुद्धा आत यावं की नाही, तिला कळत नाहीये.

सुनंदा, आत ये. इथे, माझ्याजवळ. मला खाली बसायला जरा हात दे.

श्रद्धांजली आपण उभं राहून वाहतो. आज ज्यांना जमेल त्यांनी जमिनीवर बसा, एका ओळीत. दोन मिनिटं कुणी बोलू नका. राणेसाहेब, तुम्हीही नको. त्या कागदाचं काय करणार, हे तुम्ही मला शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा. लेखी. सहीनिशी, शिक्क्यानिशी, जसा तो लावला होतात तसंच. नाही आलं, तर रविवारी माझं पान गेटवर मांडा.